दीड बोटाचा निळा

हातात काहीही द्या, ते घेऊन मामाजी आधी दाराशी उजेडात जायचे. वस्तू अंगठा आणि पहिल्या बोटाच्या चिमटीत धरायची, डावा डोळा मिटायचा, मान जरा मागे न्यायची आणि मग म्हणायचं, "उजेडात पाह्य बाबू, उजेडात. सावलीत सारेच गोरे." भाजीवालीची वांगी असोत, नव्या धोतराचं सूत असो, नाही तर कुणाच्या मुलीसाठी आलेला मुलाचा फोटो असो. एका फोटोवर त्यांनी "ओल हाय" एवढाच शेरा मारला होता. मुलगा पुढे खरोखरच दारूला लागला. फोटोत ओल कशी दिसली, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही.

जन्मभर एकच काम केलेली अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. सगळं जग त्यांना त्या कामाचाच माल वाटतं. मामाजी अकोल्याच्या एका जिनात कापसाचे पारखी होते. जिन म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना. हंगामात पातूरकडून, बाळापूरकडून गाड्यांच्या रांगा लागत. मामाजी गाडीत कोपरापर्यंत हात घालून मूठभर कापूस ओढत, धागा तोडून पाहत, उजेडात धरत आणि जात सांगत. मग शेटच्या वतीनं भावाचं बोलणंही तेच करत. मी त्याच जिनाच्या कचेरीत कारकून होतो. नुकता मॅट्रिक झालेला, गावाकडून आलेला आणि नोकरी लागली या एका गोष्टीवर फुगलेला.

मला गल्लीत खोली मिळाली तीही मामाजींमुळे. आमच्या घरानं तेव्हा नुकतीच धम्मदीक्षा घेतली होती. माझं आडनाव ऐकलं की घरमालकांना अचानक आठवायचं की खोली पाहुण्यांसाठी ठेवलेली आहे. तीन घरमालकांचे पाहुणे मी असे ऐकले. शेवटी मामाजींनी स्वतःच्या घराला लागून असलेली खोली मला दिली. गल्लीतल्या एकानं कुरकुर केली तेव्हा ते म्हणाले, "पोराले उजेडात पाह्यलं म्या. माल चोख हाय. आता तुले बी उजेडात पाहू का?" हा माझा गौरव होता की मला दिलेला दर्जा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पण त्या दिवसापासून मी त्यांचा झालो, हे मात्र खरं.

मामाजींचं एक तत्त्वज्ञान होतं. "घेताचा डोया येगळा, देताचा डोया येगळा." घेताना पांढरा कापूसही जरा पिवळट दिसला पाहिजे. देताना पिवळट कापूसही चांदण्यासारखा दिसला पाहिजे. यात लबाडी आहे असं म्हटलं की ते दुखावायचे. "अबे, समोरचाबी हेच करते ना! दोघंबी खोटं बोलले की मधातून खरा भाव निंगते." भाव ठरायचा रुमालाखाली. दोघांनी हातात हात द्यायचे, वर रुमाल टाकायचा आणि आत बोटं दाबून बोलायचं. वरून दोघांचे चेहरे दगडासारखे. भोवती शंभर माणसं उभी असली तरी आत काय ठरलं ते त्या दोन हातांनाच माहीत.

मामाजींना साखरेचा रोग आहे हे सर्वांत आधी कळलं ते मुंगळ्यांना. जिनाच्या मागच्या भिंतीशी सगळेच उभे राहत. पण मुंगळ्यांची रांग लागायची ती एकाच जागी, पारख्यांच्या जागी. पहारेकऱ्यानं ही गोष्ट भर चहाच्या वेळी सांगितली. मामाजी आधी खूश झाले. "मुंगयाइलेबी चोख माल समजते," म्हणाले. आठ दिवसांनी तहान आणि थकवा इतका वाढला की मीच त्यांना डॉक्टरांकडे ओढत नेलं.

डॉक्टर मोजकं बोलणारे होते. त्यांनी लघवीचे थेंब निळ्या औषधात टाकून काचनळी दिव्यावर उकळली. निळा रंग हिरवा झाला, हिरव्याचा पिवळा, आणि शेवटी भाजलेल्या विटेसारखा लाल. मामाजी खुर्चीवरून उठून नळीपाशी गेले. "रंग पक्का धरला बाप्पा," ते कौतुकानं म्हणाले.

"तो रंग तुमच्या साखरेचा आहे," डॉक्टर म्हणाले. "ही साखर एक तर पाय धरते, नाही तर डोळे. तुमची भाकरी डोळ्यांवर आहे. रोज घरी तपासा आणि पथ्य पाळा. निळा राहिला तर ठीक. हिरवा म्हणजे सांभाळा, पिवळा म्हणजे बिघडलं."

बाहेर पायरीवर मामाजी बराच वेळ चप्पल शोधत उभे होते. चप्पल पायातच होती. "डोये गेले त म्या काय करू रे?" ते म्हणाले. "जिनात बसून सरकी खाऊ?"

आता प्रश्न आला की घरी तपासायचं कशानं. मामाजींनी या खरेदीला बैलजोडी घ्यावी इतका वेळ लावला. मुंगळे फुकट होते, पण भरवशाचे नव्हते. शेजारी कुणाच्या घरी गुळाची भेली फुटली की सगळे तिकडे. "मुंगये नाई आले म्हंजे साखर नाई, असं थोडीच हाय? त्याइले कुठं लगन असन." परतवाड्याला एक वैद्य होता. तो लघवीत तेलाचा थेंब टाकून तो कोणत्या दिशेला पसरतो ते पाहायचा. त्यानं मामाजींचा थेंब पाहून पूर्वेला प्रवासाचा योग सांगितला. मुंबईहून मागवायच्या गोळ्याही होत्या. नळीत टाकली की आपोआप उकळी फुटते, दिवा नको की काही नको. पण त्या महाग, आणि पावसाळ्यात दमट झाल्या की वाया. शेवटी औषधांच्या दुकानदारानं सांगितलं की सगळ्यांत स्वस्त आणि खात्रीचं ते डॉक्टरांचं निळं पाणीच. एक काचनळी, एक स्पिरिटचा दिवा, एक बाटली. "फक्त रंग नीट ओळखता आला पाहिजे," तो म्हणाला.

मामाजी त्याच्याकडे दयेनं पाहत राहिले. "आन काय पाह्यजे? नजर ना? ते त घरचीच हाय."

डॉक्टरांनी रंग जुळवायला छापील कागद दिला होता, तो त्यांनी परत केला. कागदाचा रंग उन्हानं उडतो म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या ओट्यावर तो सकाळचा सोहळा सुरू झाला. पलीकडच्या घरात राहणाऱ्या काकूंची पूजा, इकडे मामाजींचं उकळणं. तिकडे घंटा वाजायची आणि इकडे नळीतून फसकन उडायचं. काकूंनी आठवडाभर सहन केलं, मग देवाची जागा मागच्या खोलीत हलवली. त्या वासाचं वर्णन मी आजवर केलेलं नाही. आजही करणार नाही.

मामी, म्हणजे मामाजींच्या बायको, चणीनं एवढ्याशा आणि शिस्तीनं फौजदार. त्यांनी नियम घालून दिला होता. निळा निघाला तर चहात चिमूटभर साखर आणि सणाला अर्धी पुरणपोळी. हिरवा निघाला तर कोरडं पथ्य. पिवळा निघाला तर कारल्याचा रस, तोही उभ्यानं त्यांच्या समोर. पण नळीकडे त्या स्वतः बघायच्या नाहीत. पदर नाकाला लावून पाठ करून उभ्या राहायच्या. "म्या नाई पाहत ते ओंगळ. आन या माणसाच्या बोलन्यावर माहा भरोसा नाई. चाचा, तुमी पाहा."

चाचा पिंजारी होते. गाद्या भरायचे, जिनातला पडका कापूस न्यायचे. गेली कित्येक वर्षं मामाजी त्यांना तो कापूस विकत आले होते आणि ते मामाजींशी भांडत आले होते. दोघांची दोस्ती याच भांडणावर उभी होती.

"निया," मामाजी नळी उजेडात धरून म्हणायचे, म्हणजे निळा.

"मामाजी, अल्ला को मानो. ये हरा है. इस में बकरी चरेगी."

"तुमचे डोये धुवा. निया हाय."

"हरा."

मग मामाजी खांद्यावरचा रुमाल काढायचे. हातात हात जायचे आणि वर रुमाल पडायचा. एक बोट म्हणजे निळा, दोन म्हणजे हिरवा, तीन पिवळा, चार नारिंगी आणि पंजा म्हणजे वीट. मामाजी एकच बोट दाबायचे, चाचा दोन. चेहरे दगडाचे. मामी पाठमोऱ्या. आत बराच वेळ ओढाताण चालायची आणि मग चाचा जाहीर करायचे, "दीड."

"दीड म्हंजे?" मामी भिंतीला विचारायच्या.

"निया हाय," मामाजी सांगायचे, "पन हिरव्याच्या गावाले जाऊन आलेला."

मामी मग अर्धी चिमूट साखर घालायच्या. शरीरातल्या साखरेचा भाव असा घासाघीस करून पाडणारी दुसरी माणसं पृथ्वीवर असतील असं मला वाटत नाही. मी डॉक्टरांचं बोलणं आठवून द्यायचो तेव्हा मामाजी मला समजावायचे, "बाबू, म्या निया म्हन्तो, चाचा हिरवा म्हन्ते. खरा रंग मधातच असन ना? हिसाब साफ हाय."

एक गोष्ट मात्र होती. नळी विटेसारखी लाल झाली तर मामाजी कधीच वाद घालत नसत. आपण होऊन पंजा दाबत आणि मुकाट्यानं कारल्याचा रस पीत. वाद व्हायचा तो हिरव्या-पिवळ्याचा. आम्ही म्हणायचो, माणूस लबाड असला तरी मर्यादेत आहे. आंब्याच्या दिवसांत तर ते हट्टालाच पेटायचे. एकदा नळी चांगली पिवळी झाली होती, मीसुद्धा खोलीच्या दारातून पाहिली. मामाजी म्हणाले, "निया." चाचांना हसू आवरेना. "रसाची वाटी बोल रही है," ते म्हणाले. मीही हसलो. मामीसुद्धा पदराआड हसल्या. मामाजी एकटेच हसले नाहीत. नळीकडे आणि आमच्याकडे आळीपाळीनं बघत राहिले.

अशी काही वर्षं गेली. मग एका हंगामात अवकाळी पाऊस झाला आणि वेचणीचा कापूस शेतातच भिजला. भिजलेला कापूस वाळला तरी पिवळा पडतो, हे वऱ्हाडात रांगतं पोरही सांगेल. पातूरकडचा एक शेतकरी अशी गाडी घेऊन आला. बिचारा भांडायच्या तयारीनं आला होता. उतरत्या भावाला किती खाली जायचं ते घरून ठरवून आला असणार. मामाजींनी गाडीत हात घातला, मूठ काढली, उजेडात धरली, डावा डोळा मिटला.

"पांढराशुभ्र," ते म्हणाले. "पह्यल्या जातीचा."

शेतकऱ्याचं तोंड उघडंच राहिलं. शेटनं मान वर केली. हमाल थांबले. खोटं बोलणारे पारखी सगळ्यांनी पाहिले होते, पण घेताना पिवळ्याला पांढरा म्हणणारा पारखी कुणी पाहिला नव्हता. देताना म्हटलं असतं तर कुणी ढुंकून बघितलं नसतं.

चाचा तिथेच पडका कापूस गोळा करत होते. त्यांनी त्या गाडीतून बोटभर कापूस उचलला, उजेडात नेला आणि तसाच हातात धरून माझ्याकडे आले. त्यांच्या तोंडावर मी असा रंग कधी पाहिला नव्हता. "बाबू," ते हळूच म्हणाले, "मामाजीले दिसून नाई रायलं."

आम्हां दोघांच्या डोळ्यांपुढे एकच गोष्ट होती, ती सकाळची नळी.

अमरावतीला डोळ्यांचे डॉक्टर होते. मी रजा काढली आणि चाचांनी दुकान बंद ठेवलं. डॉक्टरांनी अंधाऱ्या खोलीत दिवा लावून मामाजींचे डोळे आतून बघितले. मग रंगीत लोकरीचे धागे पुढे ठेवले आणि निवडायला सांगितले. लाल त्यांनी झटकन काढला. हिरवा आणि निळा एकाच ढिगात टाकला. पिवळा पांढऱ्यात. हात तोच होता, तीच चिमटी, तेच मान मागे नेणं. ढीग मात्र चुकीचे पडत होते आणि ते अगदी आत्मविश्वासानं टाकत होते. मला तिथून उठून जावंसं वाटलं.

"साखरेनं डोळ्यांच्या आत इजा झाली आहे," डॉक्टर म्हणाले. "आधी काही रंग गेले. पुढे नजर जाईल. मला यावर उपाय माहीत असता तर केला असता."

परतीच्या मोटारीत मामाजी खिडकीशी बसले. मोटार मूर्तिजापूरला थांबली. मग त्यांनी विचारलं, "चाचा, ते निया नव्हता?"

"नाई मामाजी."

"हिरवा होता?"

"हिरवा. कधी कधी पिवया."

मामाजी एकदम हसायला लागले. मोटारीतली माणसं वळून बघू लागली.

"म्या त खरं बोलून रायलो होतो बाप्पा," ते म्हणाले. "साऱ्या जिंदगीत पह्यल्यांदा खरं बोललो, आन तुमाले वाटलं देताचा डोया हाय!"

चाचांनी खांद्यावरचा रुमाल तोंडावर घेतला. मोटारीत धूळ फार होती, असं ते नंतर म्हणाले.

जिनातली नोकरी गेली. शेट वाईट नव्हता, पण आंधळा पारखी कोण ठेवणार? नवा पारखी बुशशर्ट घालायचा आणि कापूस खिडकीपाशीसुद्धा नेत नसे. मामाजी ओट्यावर बसू लागले. आणि त्या घरात एक बदल झाला, जो माझ्या मते क्रांतीहून कमी नव्हता. मामींनी नाकाचा पदर काढून कमरेला खोचला आणि काचनळी हातात घेतली. पाच मापं निळं पाणी, आठ थेंब, दिव्यावर उकळी. नळी कुणाला दाखवणं नाही की विचारणं नाही. मामाजी सवयीनं हात पुढे करायचे, वर रुमाल टाकायचे, आणि मामी आत हात घालून असेल तो रंग दाबायच्या. दोन म्हणजे दोन. चार म्हणजे चार.

"दीड कर ना वं," मामाजी म्हणायचे.

"तीन," मामी म्हणायच्या. "रस आनते कारल्याचा."

"एवढी घासाघीस करनारं गिऱ्हाईक म्या जनमात नाई पाह्यलं," ते मला सांगायचे. "बोटाचं एक कांडंबी सोडत नाई बाई." पण ते सांगताना त्यांचा चेहरा पाहण्यासारखा असायचा. पारखी म्हणून त्यांनी मामींना पुरते गुण दिले होते.

पुढे मला सरकारी नोकरी लागली आणि मी परतवाड्याला गेलो. सुट्टीत यायचो. प्रत्येक खेपेला मामाजी थोडे कमी झालेले असायचे. आधी नजर पूर्ण गेली, मग पायाला जखम झाली ती भरेना, मग तोंडावर सूज. साखरेनं डॉक्टरांचा शब्द पाळला आणि वर जास्तीचंही घेतलं. एका दसऱ्याला, नवा कापूस बाजारात यायच्या आत मामाजी गेले. मला कळायला दोन दिवस लागले. मी पोहोचलो तेव्हा ओट्यावर चाचा एकटेच बसलेले होते.

पण मला सांगायची आहे ती त्याआधीची, पोळ्याच्या सुमाराची सकाळ. मी आदल्या दिवशीच आलो होतो. डॉक्टर येऊन गेले होते आणि मामींना बाहेर बोलावून म्हणाले होते, "आता पथ्यानं काही होणार नाही. त्यांना जे हवं ते खाऊ द्या." मामींनी मान हलवली होती. रडल्या नाहीत.

सकाळी त्यांनी नेहमीसारखी नळी उकळली. मी शेजारीच होतो. रंग पहिल्या दिवशी डॉक्टरांकडे झाला होता त्याहूनही गडद लाल झाला. मामींनी तो उजेडात धरून नीट पाहिला. नळी बाजूला ठेवली, हात धुतले आणि खाटेपाशी येऊन बसल्या. मामाजींनी हात पुढे केला. रुमाल मीच वर टाकला.

आत काय चाललं होतं ते मला दिसत नव्हतं. मामाजींच्या कपाळावर आठी आली.

"एक?" त्यांनी विचारलं.

"एक," मामी म्हणाल्या.

"उजेडात पाह्यलं?"

"उजेडात पाह्यलं. नियाशार हाय."

मामाजींनी त्यांचा हात रुमालाखाली तसाच धरून ठेवला. पन्नास वर्षं लोकांची बोटं दाबून खरं-खोटं ओळखणारा तो हात. मामींची नजर जमिनीवर होती. मला वाटलं, आता म्हणतील, दीड. नाही तर म्हणतील, पंजा हाय, मले का शिकवून रायली?

"मंग शिरा कर," ते म्हणाले. "साखर हात राखून नोको घालजो."

मामी झटकन उठून चुलीकडे गेल्या. त्यांची पाठ वळल्यावर मी मामाजींच्या कानाशी वाकलो. काय विचारायचं होतं ते मला धड माहीत नव्हतं. पण त्यांनीच माझं मनगट पकडलं आणि जवळ ओढलं.

"बाबू," ते कुजबुजले, "सारी उमर तिनं एक पैशाचं खोटं इकलं नाई. आज पह्यली बोहनी हाय तिची. बोहनीले घासाघीस करत नाईत."

शिरा आला तेव्हा आम्ही तिघांनीही खाल्ला. फार गोड होता.